साइडकारला कोणती जुनी गाडी चालेल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

साइडकारविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनाचा आहे : किती सीसी, किती ताकद. आमचा क्रम उलटा आहे. आधी चेसिस, मग चाकं, मग ब्रेक आणि इंजिन सगळ्यात शेवटी. थकलेलं इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री बांधून देतो. एकदा वाकलेली चेसिस मात्र सरळ करून आणली तरी साइडकारच्या ओढीखाली तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आई-वडील सत्तरीचे आहेत. एकाला साइडकारमध्ये आणि एकाला मागे बसवून वाई, पाचगणी असं फिरायचं आहे. जुनी बुलेट ३५०, येझदी रोडकिंग आणि राजदूत ३५० अशा तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही चालू स्थितीत आहेत. कोणती घ्यावी?
*एक वाचक, सातारा*

बुलेट घ्या. तुमच्या वाटेवर पसरणीचा घाट आहे, तेवढ्यावरूनच निकाल लागतो.

बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं. १८ अश्वशक्ती हा आकडा आज छोटा वाटेल, पण साइडकारला जागेवरून हलवते ती खालची उचल, आणि बुलेटची सगळ्यात जास्त उचल मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या थोडं पुढेच मिळते. घाटातल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नेमकं तिथंच फिरत असतं.

आता वजनाचा हिशेब मांडा. गाडी साधारण १६५ किलो, साइडकार ८० किलो, तीन माणसं १९० किलो. झाले ४३५ किलो. एवढं ओझं घेऊन बुलेट ३५० सपाटीवर ताशी ५० किलोमीटरने आरामात जाईल, पण घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढावा लागेल. त्यामुळे हात थोडा सैल सोडता येत असेल तर ५०० सीसीची बुलेट शोधा. स्ट्रोक तोच ९० मिमी, बोअर ८४ मिमी. चढावर गिअर टिकून राहतो आणि पुढचा ब्रेकही ७ इंची, दोन कॅमचा मिळतो. ३५० च घ्यायची तर घाटात मागची सीट रिकामी ठेवा.

येझदी रोडकिंग सपाटीवर हलकी साइडकार निभावून नेते. १६ अश्वशक्ती तिच्यात आहे. पण पसरणीसारख्या घाटात दोन अडचणी येतात. पहिली उताराची. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरमध्ये उतरवली तर इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही म्हणजे तेलही जात नाही, आणि पिस्टन धरतो. ते टाळायला न्यूट्रलवर उतरायचं म्हटलं तर सगळा भार ब्रेकवर. साइडकार लावल्यावर हे दोन्ही पर्याय वाईट.

दुसरी अडचण किकची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येते पैसे दिल्यावर. जावा-येझदीचा गिअर आणि किक एकाच दांड्यावर, डाव्या बाजूला. ही गाडी मुळात चेकोस्लोव्हाकियातली. तिथं वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि साइडकार उजवीकडे लागते, म्हणून तिकडे अडचण नव्हती. आपल्याकडे साइडकार डावीकडे. म्हणजे गाडी आणि साइडकारच्या मधल्या फटीत पाय घालून किक मारायची. जुन्या बुलेटची किक आणि गिअर दोन्ही उजवीकडे असल्याने ही कटकट नाही.

राजदूत ३५० साइडकारला जुंपू नका. सहा गिअरची, दोन सिलिंडरची ती गाडी वरच्या फेऱ्यांवर धावते. खाली तिच्यात दम नाही. साइडकार लावली की सतत क्लच अर्धवट धरून फेऱ्या चढवत बसावं लागेल. शिवाय तिचे सुटे भाग दुर्मिळ. तशी चांगली राहिलेली गाडी आहे तशीच जपावी.

एक लक्षात असू द्या : साइडकारच्या गाडीला साइड स्टँडवर कलता येत नाही आणि उतारावर पहिला गिअर टाकूनही ती पूर्ण थांबत नाही. पुढचा ब्रेक दाबून मुठीला रबरी पट्ट्याने बांधायचा आणि साइडकारच्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवायची. आई-वडील चढता-उतरताना हे दर वेळी करा.

साइडकारसाठी म्हणून जुनी बुलेट घ्यायची आहे. नेहमीची गाडी पाहतो त्यापेक्षा वेगळं काय पाहायचं?
*एक वाचक, कोल्हापूर*

दुचाकी वळताना कलते, त्यामुळे तिच्या चेसिसवर, आऱ्यांवर आणि बेअरिंगवर आडवा ताण फारसा येत नाही. साइडकार लावली की गाडी कलायची थांबते आणि प्रत्येक वळणावर सगळा ताण आडवा बसतो. म्हणून जे जे आडवं हलतं ते आधी पाहायचं.

सुरुवात चेसिसपासून. जुन्या बुलेटची चेसिस खालून उघडी असते. पुढची एकच नळी खाली येते, इंजिनाच्या पुढच्या प्लेटांना धरते आणि पुढचं काम इंजिन स्वतः करतं. इंजिनाखालून जाणारी नळी नाहीच. त्यामुळे त्या नळीचं खालचं टोक आणि प्लेटांचे बोल्ट हीच सगळ्यात जास्त सोसणारी जागा. प्लेटांची भोकं लांबट झाली आहेत का ते बोल्ट काढून पाहा. नळी केरोसीनने पुसा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसून वर खडूची पूड चोळा. बारीक चीर असली तर आत शिरलेलं केरोसीन पुडीतून वर येतं आणि केसाएवढी काळी रेघ उमटते. हीच परीक्षा फोर्कच्या मानेला, टाकीखालच्या सांध्याला आणि स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीच्या) बुशाभोवती करा. विकणारा याला नको म्हणाला तर गाडी सोडून द्या.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि मागून, जमिनीलगत डोळा आणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरी लावून पुढे ताणा; पुढच्या टायरपाशी दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. पाच मिमीहून जास्त फरक असेल तर चेसिस, फोर्क किंवा स्विंग आर्म यांपैकी काहीतरी वाकलं आहे.

मग पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांत धरा, पुढे-मागे ओढा. कट् असा हादरा जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, सैल किंवा झिजलेला. हँडल अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडलं, तर वाट्यांना छऱ्यांचे खड्डे पडलेत. साइडकारला असा कोनसेट अजिबात चालत नाही. तसंही सुट्या छऱ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवून घ्या. आडव्या ताणाला तेच टिकतं. स्विंग आर्म चाकाजवळ धरून आडवा हलवा. तिथं सुतभरही खेळ नको.

चाकाच्या आऱ्या पान्याने एकेक वाजवा. बुलेटच्या चाकाला ४० आऱ्या असतात. सगळ्यांचा आवाज साधारण एका पट्टीतला यायला हवा. बोदा आवाज म्हणजे सैल आरी. मागचं चाक जाड आऱ्या घालून नव्याने बांधून घेणं हा साइडकारचा पहिला खर्च धरून चाला. तो वाचवू नका. बारीक आऱ्या डाव्या बाजूच्या एकामागून एक तुटत जातात, आणि एक तुटली की शेजारच्या दोघींवर तिचा भार येतो.

डाव्या बाजूला आणखी एक गोष्ट. बुलेटचं प्रायमरी कव्हर एकाच मोठ्या मधल्या नटावर बसतं. क्लच, प्रायमरी चेन आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), सगळं त्याच्या मागे. साइडकारचा खालचा पाइप त्या नटासमोरून गेला असेल, तर क्लचच्या प्रत्येक कामाला साइडकार सोडवावी लागेल आणि परत लावताना सेटिंग बिघडेल. कव्हर सरळ बाहेर ओढता येईल एवढी, निदान वीतभर जागा सोडूनच पाइप बांधून घ्या.

गाडीला आधी साइडकार होती का तेही शोधा. चेसिसवर क्लँपचे वण, रंगाखाली घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचे गठ्ठे दिसतील. नुसते क्लँपचे वण असतील तर घाबरू नका. पण नळीवरच थेट लग (जोड बांधायचे कान) वेल्ड केलेले असतील तर ती गाडी घेऊ नका. वेल्डिंगलगतची पातळ नळी तापून ठिसूळ झालेली असते आणि पुढची चीर बरोबर तिथंच जाते.

इंजिनाचं थोडक्यात : जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तरंगता बुश असतो. तेल कमी पडलं, किंवा वरच्या गिअरमध्ये धडधडत ओढत राहिलं, की तो जातो. इंजिन चांगलं तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढवा आणि खालून येणारा जड ठोका ऐका. टॅपेटची टकटक वरून येते आणि ती चालते; खालचा ठोका आला तर किमतीतून क्रँकचं काम वजा करा.

बुलेट ३५० ला साइडकार लावली. आंबा घाटात तिसरा गिअर ओढत नाही, दुसऱ्यात इंजिन तापतं आणि वर पोचेपर्यंत क्लच जळल्याचा वास येतो. इंजिन काम करावं का?
*एक वाचक, रत्नागिरी*

इंजिन उघडायच्या आधी दात मोजा. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध आणि ३८ दातांचं असतं, म्हणून गिअरिंग बदलायचं ते पुढून. पुढे १६ दात असतील तर १५ चं स्प्रॉकेट बसवा. ३८ भागिले १६ म्हणजे २.३७, तर ३८ भागिले १५ म्हणजे २.५३. चाकावर साधारण साडेसहा टक्के जास्त ओढ मिळते आणि तितकाच वेग कमी होतो : ज्या फेऱ्यांवर गाडी ६० ला जायची, त्याच फेऱ्यांवर आता ५६ ला जाईल. साइडकारसह तुम्हाला त्याहून जास्त वेग नकोच आहे. कुणीतरी आधी १७ किंवा १८ चं बसवलेलं असेल तर तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथंच आहे.

काम वेळखाऊ आहे. प्रायमरी कव्हर, क्लच, प्रायमरी चेन आणि आतलं कव्हर काढल्याशिवाय पुढचं स्प्रॉकेट हाती लागत नाही. एवढं उघडलंच आहे तर क्लचच्या प्लेटा, स्प्रिंगा आणि मेनशाफ्टचं तेलाचं सील त्याच बैठकीत बदला. ५०० च्या क्लचला प्लेट जास्त असते. मिस्त्री ओळखीचा असेल तर तोच क्लच बसवायला सांगा. नुसत्या कडक स्प्रिंगा घालून घसरता क्लच धरायला लावू नका. मूठ जड होते, केबल तुटते आणि घाटात सतत गिअर बदलणाऱ्या माणसाचा हात भरून येतो.

क्लचचा वास बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरची छोटी झाकणी काढा, आत पुश रॉडचा स्क्रू आहे. तिथला खेळ आधी लावा, मग मुठीपाशी केबलला दोन-तीन मिमी ढिलाई ठेवा. नुसती केबल ताणून क्लच लावला तर गरम झाल्यावर रॉड वाढतो आणि प्लेटा कायम अर्धवट उघड्या राहतात.

तापण्याची कारणं स्वस्तातली आधी पाहा. पॉइंटचं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचं) अंतर ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग पूर्ण मागे असताना पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडले पाहिजेत. टायमिंग मागे पडलं की इंजिन ओढत नाही आणि सायलेन्सर लालबुंद होतो. प्लगचं टोक पांढरं पडत असेल तर मिश्रण पातळ आहे, मुख्य जेट एक नंबर मोठा घाला. तेल २०डब्ल्यू-५०, साधारण सव्वादोन लिटर, आणि साइडकारच्या गाडीला ते दर १५०० किलोमीटरला बदला. फिल्टरचा फेल्ट प्रत्येक वेळी पाहा. हे सगळं करूनही चढावर दम लागत असेल, तर मग सिलिंडर मोजायला द्या.

गाडी ५० च्या पुढे सतत डावीकडे ओढते. उलट ब्रेक लावला की एकदम उजवीकडे जाते. मागचा टायर चार हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाला. जोडणाऱ्याकडे दोनदा नेली, तो म्हणतो साइडकार अशीच चालते.
*एक वाचक, नाशिक*

साइडकार अशी चालत नाही. नीट लावलेली गाडी सपाट रस्त्यावर एका हाताने सरळ जाते. तुमच्या तक्रारी मात्र दोन वेगळ्या आहेत.

ब्रेकची आधी. तुमच्या साइडकारच्या चाकाला ब्रेक नसावा. गाडी थांबते, साइडकारचं ओझं पुढे जायला बघतं आणि सगळा सांगाडा उजवीकडे फिरतो. ओझं जितकं जास्त तितकं जास्त. कितीही सेटिंग केलं तरी हे जाणार नाही. साइडकारच्या चाकाला ड्रम ब्रेक बसवा आणि तो मागच्या ब्रेकच्या पेडलशी जोडा. पेडल दाबल्यावर साइडकारचा ब्रेक मागच्या ब्रेकपेक्षा किंचित उशिरा धरला पाहिजे. आधी धरला तर गाडी डावीकडे फिरेल.

डावीकडची ओढ आणि टायरची झीज हा जोडणीचा दोष आहे, आणि तो घरच्या अंगणात दुरुस्त होतो. लागतं ते एवढंच : अडीच-तीन मीटर लांबीच्या दोन सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, चार विटा, मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा आणि पाने. फरशी सपाट हवी. तिन्ही टायरमध्ये हवा भरून घ्या : पुढे २२, मागे ३०, साइडकारला २० पौंड. साइडकारमध्ये नेहमीच्या माणसाच्या वजनाची पोती ठेवा आणि गाडीवर कुणाला तरी बसवा. रिकाम्या गाडीवर लावलेलं सेटिंग रस्त्यावर खोटं ठरतं, कारण शॉकॲब्सॉर्बर दबले की सगळे कोन बदलतात.

पहिलं माप : साइडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकापेक्षा किती पुढे आहे. दोन्ही आसांमधलं अंतर १५० ते २०० मिमी हवं. कमी असेल तर उजव्या वळणावर ब्रेक लावताना गाडी साइडकारच्या नाकावर कोसळायला बघते. फार जास्त असेल तर हँडल जड होतं आणि टायर घासतात. हे माप एकदा क्लँपवर बसलं की पुन्हा हलवावं लागत नाही.

दुसरं : साइडकारचा सांगाडा पाणसळीने आडवा करा. त्याचं चाक उभं हवं.

तिसरं टो-इन, म्हणजे साइडकारचं चाक पुढून गाडीकडे किती वळलेलं आहे ते, आणि तुमचा टायर यानेच खाल्ला आहे. एक नळी विटांवर ठेवून गाडीच्या उजव्या बाजूने दोन्ही टायरना टेकवा. मागचा टायर जास्त रुंद असेल तर पुढच्या टायरपाशी रुंदीतल्या फरकाच्या निम्मी पट्टी घाला. दुसरी नळी साइडकारच्या चाकाला बाहेरून, डावीकडून टेकवा. आता पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे, अशा दोन ठिकाणी दोन्ही नळ्यांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १५ ते २० मिमी कमी असावं. त्याहून जास्त फरक असेल तर साइडकारचं चाक रस्त्यावर तिरकं घसटत चालतं. टायरवर तळहात आडवा फिरवून पाहा : एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टो-इन चुकलेलंच आहे.

चौथा झुकाव. गाडी साइडकारपासून दूर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, किंचित कललेली हवी. सीटच्या मध्यातून ओळंबा सोडायला जागा नसेल तर मागच्या मडगार्डाच्या मध्यरेषेवरून सोडा. ७५ सेंमी उंचीवर १३ मिमी म्हणजे एक अंश. १३ ते २० मिमीच्या दरम्यान ठेवा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, आणि गाडी त्या उताराने डावीकडे घसरते. ती ओढ झुकावाने सावरायची असते, टो-इन वाढवून नाही. जोडणारे नेमकं उलट करतात. टो-इन वाढवलं की गाडी सरळ जाते खरी, पण टायर खाऊन.

झुकाव बदलला की टो-इन हलतं, म्हणून तिसरं माप पुन्हा घ्या. दोन-तीन फेऱ्या होतील. मग रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगाने चालवा. अजून डावीकडे जात असेल तर साइडकार गाडीला जोडणाऱ्या वरच्या दोन्ही दांड्या एकेक आटा फिरवून झुकाव वाढवा. उजवीकडे जायला लागली तर उलट. खालचे दोन आणि वरचे दोन असे चारही जोड हवेत. तीन जोडांवर लावलेली साइडकार कधीच सेटिंग धरत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, निदान १२ मिमीचे वापरा. शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर आवळा.

२०-३० च्या वेगाला हँडल थरथरतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. थरथरत असेल तर तो जोडणीचा दोष नाही. स्टीअरिंग डँपर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारा दांडा, बसवा.

आजोबांची बीएसए एम-२० घरात आहे, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. तिला साइडकार लावून वापरात आणावी असं वाटतं.
*एक वाचक, सांगली*

ओढायची ताकद तिच्यात आहे. ४९६ सीसी, ८२ बाय ९४ मिमीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, १३ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धात ही गाडी लाखाच्या वर बनली आणि तिची मोठी बहीण एम-२१, ५९१ सीसीची, इंग्लंडमध्ये रस्त्यावर मदत करणाऱ्या गस्तीच्या साइडकारला वर्षानुवर्षं जुंपलेली होती. चेसिस दणकट, किक आणि गिअर उजवीकडे. ब्रेक मात्र सोळा आणे कमी पडतात. आजच्या रहदारीत साइडकारसह ४० च्या वर नेऊ नये अशी ती गाडी आहे.

आमचा सल्ला कागदांवरून आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणी आणली. व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कारणांनी. आजोबांची गाडी मूळ अवस्थेत ठेवून ही नोंदणी करा आणि साइडकारसाठी वेगळी बुलेट घ्या. मूळ चेसिसवर नवे क्लँप आवळून तिचं मोल कमी करू नका.

साइडकार लावली तर आरटीओची परवानगी लागते का? लायसन्स वेगळं लागतं का?
*एक वाचक, डोंबिवली*

लायसन्स वेगळं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२७) मधल्या मोटरसायकलच्या व्याख्येतच, काढता येणारी, जादा चाकाची साइडकार धरलेली आहे. गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स पुरतं.

आरसीची गोष्ट वेगळी. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आहे. म्हणून खरेदी करतानाच अशी गाडी शोधा जिच्या आरसीवर साइडकारची नोंद आधीपासून आहे. अशा बुलेट आणि स्कूटर अजून मिळतात, आणि त्या कागदासाठी चार पैसे जास्त मोजावेत. नोंद नसेल तर साइडकार विकत घ्यायच्या आधी तुमच्या आरटीओत लेखी विचारा. वरच्या जोडांच्या पाइपखाली चेसिस नंबर झाकला जाणार नाही हे पाहा, नाहीतर पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला अडकाल. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या साइडकारमधल्या माणसाचा दावा अडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, साइडकार असली तरी. जुन्या रस्त्याने जा.

वडिलांची बजाज चेतक साइडकारसह पडून आहे. चालू करावी का?
*एक वाचक, पुणे*

करा, शहरापुरती. १४५ सीसीचं इंजिन आणि १० इंची चाकं साइडकारमध्ये एक मूल किंवा हलकं माणूस आणि बाजाराची पिशवी एवढंच नेण्याजोगी आहेत. कात्रजच्या चढावर दोन मोठी माणसं घेऊन जाऊ नका. स्कूटरचा पत्रा हीच तिची चेसिस. साइडकारचे जोड जिथं आहेत तिथं पायाखालची रबरी पट्टी उचकटून आतला गंज स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम. क्लच केबल आणि ब्रेक केबल दोन्ही नव्या घाला, टायर तारीख बघून घ्या.

गाडी तयार झाली. चालवताना पहिल्यांदा काय सांभाळायचं?
*एक वाचक, म्हापसा*

डावं वळण. दुचाकीच्या सवयीने वेगात डावीकडे वळलात की साइडकारचं चाक उचलतं, आणि घाबरून माणूस ब्रेक दाबतो किंवा हँडल उजवीकडे सोडून समोरच्या गाडीवर जातो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात हलकी रेस चालू ठेवा आणि अंग डावीकडे, साइडकारच्या बाजूला टाका. चाक उचललंच तर रेस सावकाश सोडा, ब्रेक एकदम दाबू नका.

रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, सोडली की उजवीकडे. हे कोणत्याही सेटिंगने पूर्ण जात नाही. दोन दिवसांत हाताला कळायला लागतं. मोकळ्या मैदानात डावीकडे गोल फेऱ्या मारून चाक कोणत्या वेगाला उचलतं ते मुद्दाम पाहून घ्या. हेल्मेट घालून, साइडकार रिकामी ठेवून.

सरावाचं मैदान सोडून रस्त्यावर निघताना मात्र साइडकार रिकामी नेऊ नका. २५ ते ३० किलो वाळूचं पोतं तिच्या तळाला, चाकाच्या बाजूला ठेवून पट्ट्याने करकचून बांधा. सुटं ठेवलेलं पोतं पहिल्याच डाव्या वळणावर उजवीकडे, गाडीच्या बाजूला सरकतं, आणि ज्या क्षणी वजन हवं त्याच क्षणी ते चाकापासून लांब गेलेलं असतं.